सत्तावीस जणांची हजेरी

धायरीपासून खडकीपर्यंतच्या टापूत जिवंत माणसांपेक्षा मेलेल्या माणसांतच ज्यांची जास्त उठबस आहे असे एकच गृहस्थ मला माहीत आहेत, आणि ते नेमके माझे व्याही निघाले. मुलीसाठी स्थळ बघताना आपण मुलाची नोकरी बघतो, घर बघतो, आईचा स्वभाव आडून आडून विचारतो. मुलाच्या वडिलांना दफनभूमीची कितपत आवड आहे, हे कोणी विचारत नाही. आम्हीही विचारलं नाही. मुलगा हिंजवडीत कामाला, बोलायला सरळ. वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून तपासनीस म्हणून निवृत्त झालेले, मूळचे चंद्रपूरकडचे, पण चाळीसेक वर्षं पुण्यात काढलेली. एवढ्यावर कोणत्याही विहिणीचं समाधान व्हावं.

पहिली बैठक आमच्या धायरीच्या घरी झाली. पोह्यांच्या बश्या फिरल्या आणि मानपानाचा विषय आधी कोणी काढायचा या विचारात दोन्ही बाजू खोबरं चघळत बसल्या. व्याहीबुवा तेवढे खिडकीतून आमच्या मागच्या टेकडीकडे टक लावून बघत होते. शेवटी माझ्या थोरल्या नणंदेने घसा साफ करून विचारलं, की तुमच्या काही अपेक्षा असतील तर मोकळेपणाने सांगा. ते वळले आणि अतिशय अदबीने मला म्हणाले, "विहीणबाई, त्या टेकडीवर कोणाला पुरलं आहे?" नणंदेचा चमचा बशीत पडला. मी म्हटलं, माझ्या माहितीत तरी कोणाला नाही. "असेल ना जी," ते म्हणाले, "असा सपाट माथा लोकांनी मोकळा सोडला नसेल." मग मानपान म्हणून त्यांनी एकच गोष्ट मागितली. साखरपुड्याच्या आधी एकदा त्यांना त्या टेकडीवर न्यायचं. मुलगी आतून मला खुणा करत होती, की आई, ते हार्मलेस आहेत, हो म्हण. मी हो म्हटलं. मागणी स्वस्तातली होती आणि टेकडीवर तर मी रोजच जायची.

रोज म्हणजे अकरा वर्षं. शाळेत पर्यवेक्षिकेचं काम, त्याआधी सकाळी तासभर टेकडी. आमचा वीस-पंचवीस जणांचा गट आहे, चालतो, झाडं लावतो आणि ती जगवतो. गटाची मी प्रमुख, कारण वेळेवर येणारी मीच होते. तर अकरा वर्षं मी ज्या दगडांना वळसा घालून जात होते आणि ज्यांना जुन्या गोठ्याचं जोतं समजत होते, त्यांच्यासमोर व्याहीबुवांनी पायातल्या चपला काढल्या, हात जोडले आणि म्हणाले, "राम राम." मग गवतातून हळूहळू फिरत त्यांनी मोजलं. सत्तावीस दगड, कोणी गुडघाभर, कोणी जमिनीतून नुसतं डोकं काढलेला, सगळे मिळून एक मोठं रिंगण, आणि पूर्वेला एका दगडापुरती रिकामी जागा. त्यांच्या गावाबाहेर अशी रिंगणं शेतातच होती. लोखंड नवं नवं होतं त्या काळातली माणसं आपली मेलेली माणसं अशा रिंगणात ठेवत, आणि त्यांची आजी त्यांना लहानपणी बजावायची, की रिंगण ओलांडायचं नाही, आत माणसं जेवायला बसली आहेत. "आमच्याकडचे पाहुणे इथं कसे काय आले, बाप्पा," असं म्हणून त्यांनी रुमाल काढला. डोळे पाणावले होते की वर वारा होता, याची मी चौकशी केली नाही.

लग्न झालं, आणि व्याहीबुवा दर गुरुवारी खडकीहून दोन बस बदलून टेकडीवर येऊ लागले. हळूहळू मला कळलं की आमची टेकडी म्हणजे भरलेली इमारत आहे. मूळ मालक हे रिंगणवाले. त्यांच्यानंतर कैक शतकांनी कोणीतरी लढाईत पडलं, त्याचा वीरगळ रिंगणाला टेकून उभा केला. त्यावरचा घोडा आता फक्त व्याहीबुवांना दिसतो. मग एका गोसाव्याची समाधी, पादुका झिजून दोन वाट्या झालेल्या. मग एका फकिराचा चौथरा, ज्याची देखभाल शहरातलं एक जुनं मुसलमान कुटुंब वर्षातून दोनदा येऊन करतं. आणि सगळ्यांत अलीकडची वस्ती गावातल्या तान्ह्या बाळांची. दात यायच्या आधी गेलेलं मूल जाळत नाहीत, पुरतात, आणि धायरी गाव होतं तेव्हा त्यासाठी लोक याच माथ्यावर येत. व्याहीबुवांच्या भाषेत हे सगळे पोटभाडेकरू. "पण पाहा विहीणबाई," ते सांगत, "एवढे लोक आले, एकानेही आधीच्याला उठवलं नाही. जो आला तो बाजूला सरकून बसला." आमच्या सोसायटीत त्याच आठवड्यात पार्किंगच्या एका पांढऱ्या रेषेवरून दोन कुटुंबांचं बोलणं बंद झालेलं होतं.

सारं आयुष्य हातात फुटू शकणाऱ्या वस्तू तपासण्यात गेल्यामुळे व्याहीबुवा कोणतीही गोष्ट झटकन करत नाहीत. चहाचा कप ते ठेवत नाहीत, टेकवतात. दार लावताना कडी वाजत नाही. माझ्या नातवाला त्यांनी पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा आधी त्याच्याकडे सगळ्या बाजूंनी पाहिलं आणि मग "ठीक आहे" असा शेरा दिला. टेकडी चढायला मला वीस मिनिटं लागतात, त्यांना पाऊण तास, आणि वर पोचल्यावर सगळ्यांची विचारपूस. गोसाव्याला बेलाचं पान, फकिराला उदबत्ती, वीरगळाला फडक्याने पुसणं. रिंगणवाल्यांना काय चालतं हे आज कोणालाच माहीत नाही, म्हणून त्यांना ते तांब्याभर पाणी देतात आणि बातम्या सांगतात. खरोखर सांगतात. मोठ्याने, एका दगडावर बसून. सिंहगड रस्त्यावर काय खणलं, जावयाला हिंजवडीहून घरी यायला किती वेळ लागला. मी एकदा विचारलं, हे कशासाठी, अहो? ते म्हणाले, "त्यांच्याकडची खबर त्यांना सांगता येत नाही. आपल्याकडून तरी पत्रव्यवहार चालू ठेवावा." हिंजवडीच्या रहदारीवर रिंगणवाल्यांचा विश्वास बसलेला दिसला नाही, असंही ते गंभीरपणे म्हणाले.

त्यांच्याकडे एक चौकटीच्या कागदांची वही होती. शिंप्याकडची टेप लावून त्यांनी प्रत्येक दगड मापला होता, चारी बाजूंनी काढला होता, आणि कारखान्याच्या सवयीने नोंदला होता. ही वही त्यांनी मला कधी उघडून दाखवली नाही. मीही मागितली नाही. माझ्या मागे शाळेची तपासणी होती.

आता माझ्या चुकीकडे येते. ती लांबवण्यात अर्थ नाही.

व्याहीबुवांच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पाठोपाठ झाली आणि दोन महिने त्यांना टेकडी बंद होती. त्याच दोन महिन्यांत आमच्या गटाने माथ्याच्या खालच्या उतारावर चाळीस रोपं लावली. उतारावर रोप लावलं की आळ्याच्या खालच्या अंगाला चांगला जड दगड लागतो, नाहीतर घातलेलं पाणी माती घेऊन खाली जातं. टेकडीवर दगडांना तोटा नाही, पण ते एकतर मुठीएवढे किंवा म्हशीएवढे. दोघांनी पहारीने हलवावेत असे मापाचे दगड कुठे आहेत, हे मला अकरा वर्षांच्या अनुभवाने पाठ होतं. मी दाखवले, गटाने काढले. सहा दगड. शिवाय तिथेच एक फुटक्या पाट्याचा तुकडा पडला होता, कोणीतरी घरातली अडगळ टेकडीवर टाकून गेलं असावं असं म्हणून मी तोही एका बहाव्याच्या आळ्याला लावला आणि टेकडी स्वच्छ केल्याचं समाधान मिळवलं. पुढचा बेत याहून मोठा होता. माथ्याची सपाटी सारखी करून तिथे बसायला सिमेंटचा कोबा आणि वर पत्र्याची शेड. गटाचे ज्येष्ठ लोक दमतात, त्यांची सोय. काम पुढच्या सोमवारी सुरू होणार होतं. कोणी म्हणेल, इतके गुरुवार व्याहीबुवांच्या तोंडून सगळं ऐकून तुम्ही हे कसं केलंत? तर ते असं, की मी ऐकत होते ती व्याह्यांच्या छंदाची गोष्ट, आणि लावत होते ती झाडं. दोन्ही एकाच टेकडीवर चाललं आहे हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

काळा चष्मा लावून व्याहीबुवा त्या सोमवारच्या आधीच्या गुरुवारी वर आले. राम राम झाला, मोजणी झाली. मग पुन्हा मोजणी झाली. मी पाण्याचे कॅन भरत होते. ते माझ्याकडे आले आणि एरवी पुणेरी शुद्धतेने 'विहीणबाई' म्हणणारा हा माणूस गावाकडच्या शब्दावर आला. "ईनबाई," ते हळू म्हणाले, "पंगतीतून सहा जणांना उठवलं कोणी?"

मी चिडले. चूक असली की मी आधी चिडते, हे माझ्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. मी म्हटलं, अहो, ते दगड आहेत, आणि चोरून नेलेले नाहीत, झाडांना लावलेत. तुमच्या त्या गोसाव्याने आणि फकिराने इथली जागा वापरली ती चालते, मग आम्ही वापरली तर काय झालं? त्यांनी यावर खरोखर विचार केला. मग म्हणाले, "बरोबर आहे. वापर तुम्हीही केला. फक्त ते सरकून बसले, तुम्ही उठवून बसलात." आणि शेडबद्दल कळल्यावर ते वळले. रिकाम्या खड्ड्यांपैकी एकापाशी जाऊन बसले. त्या दिवशी बातम्या सांगितल्या नाहीत.

मी दुपारभर शाळेत होते आणि दुपारभर तो माणूस माझ्या डोळ्यांसमोर खड्ड्यापाशी बसलेला होता. संध्याकाळी मी खडकीला त्यांच्या घरी गेले. म्हटलं, दगड परत लावता येतील का? त्यांच्या सौभाग्यवतींनी सुटकेचा निःश्वास टाकून चहा ठेवला. सकाळपासून ते जेवले नव्हते. व्याहीबुवांनी आतून वही आणली आणि पहिल्यांदाच माझ्यासमोर उघडली. प्रत्येक पानावर एक दगड, आणि नंबर असेल असं मला वाटलं होतं तिथे नाव. थोरले बंधू. आत्या. नागपूरवाले मामा. एकमेकांना टेकलेले दोन, म्हणून जाऊबाया. सगळे नातेवाईक मुलाच्या लग्नाच्या पंगतीत जसे बसले होते तसे त्यांनी रिंगणात बसवले होते. मी पानं उलटत गेले. उत्तरेकडचा एक उभा, अरुंद, टोकदार दगड. खाली शेरा होता, 'सरळ. कोणाला टेकत नाही. वाऱ्यात हलत नाही.' वर नाव: ईनबाई. तो सहांतला नव्हता. मी स्वतःला तेवढं जागेवर ठेवलं होतं. वही मिटून मी म्हटलं, रविवारी सकाळी सहाला या, पहारी मी आणते.

रविवारी वीस जण आले. शाळेत मी गेली सत्तावीस वर्षं मुलांना रांगेत उभं करते आहे, पण त्या दिवशी व्याहीबुवांनी ज्या शिस्तीने आम्हाला राबवलं ती मला जमलेली नाही. आवाज न चढवता. दगड पोत्यावर घ्यायचा, पोतं ओढायचं, "हळू. टाकू नका, टेकवा." दगडाची कोणती बाजू वर होती हे त्यावरच्या शेवाळाच्या खपल्यांवरून, कोणती जमिनीत होती हे मातीच्या डागावरून, आणि तोंड कुणीकडे होतं हे वहीवरून. आत्या बसल्या. मामा बसले. एका खड्ड्यात मुंग्यांनी घर केलं होतं तर अर्धा तास थांबून त्यांना हलू दिलं. बसलेल्याला उठवायचं नाही हा नियम मुंग्यांनाही लागू होता. दहाच्या सुमाराला सत्तावीसच्या सत्तावीस पुरे झाले आणि टाळ्या वाजल्या. तेव्हा व्याहीबुवा म्हणाले, "पाटा कुठाय?"

कोणता पाटा, असं विचारताना मला उत्तर कळलं होतं. गावठाणात एक आजी राहतात, ऐंशीच्या पुढच्या. वर्षातून एकदा त्या नातसुनेचा हात धरून टेकडी चढतात आणि रिंगणाच्या बाहेर दहीभात ठेवतात. त्यांची पहिली मुलगी तिथे आहे. दगड म्हणून त्यांनी तेव्हा घरातला फुटका पाटा आणून ठेवला होता. मी सुगृहिणी, पाट्यावर आयुष्यभर चटण्या वाटलेल्या, टाकी लावलेला दगड हाताला लागला तेव्हाच मला कळायला हवं होतं की पाटा एवढा वर कोणी उगाच वाहून आणत नाही.

मी म्हटलं, पाटा गुपचूप परत ठेवू, आजींना कशाला कळायला हवं. व्याहीबुवांनी मान हलवली. "कारखान्यात एकच शिकलो, ईनबाई. लपवलेला दोष हातात फुटतो. सांगून टाका."

म्हणून मी गेले. आजी ओट्यावर लसूण सोलत होत्या. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, बसायचा धीर नव्हता. त्यांनी लसूण सोलणं थांबवलं नाही.

"झाडाला लावला म्हनता?"

"हो."

"कशाच्या?"

"बहाव्याच्या."

"जगलंय का त्ये?"

मी म्हटलं, जगलंय, चार नवी पानं फुटली आहेत. आजींनी ताटलीतली सालं फुंकून उडवली. "मग ऱ्हाऊ द्या तिथंच. लई वरसं येकटी हाय ती. आता झाडाला धरून बसंल." मग त्यांनी विचारलं, "पानी कोन घालतं?" मी म्हटलं, मी. "घालत जा," त्या म्हणाल्या. मला कोणी एवढ्या थोडक्यात काम नेमून दिल्याचं आठवत नाही.

त्याच संध्याकाळी गटाची बैठक घेतली. शेड होणार नाही, असं मी सांगितलं, तेव्हा साहजिकच बराच गलका झाला. एक निवृत्त गृहस्थ म्हणाले, की काल दगड काढायला तुम्हीच सांगितलं, आज लावायला तुम्हीच सांगितलं, आता आम्ही बसायचं कुठे? मी म्हटलं, माझी चूक झाली, ती मी सगळ्यांदेखत सांगते, आणि बसायचं असेल तर पायथ्याला बाक टाकू. माथ्यावर जागा शिल्लक नाही, तिथे आधीच लोक बसलेले आहेत. 'माझी चूक झाली' हे चार महिन्यांत एखाद्या वेळी म्हणायला हरकत नाही, प्रकृतीला बरं असतं, असं माझं आता मत आहे. शेडचा बेत गेला. पायथ्याला बाक आले. व्याहीबुवांनी वहीत शेवटच्या पानावर पाट्याची नोंद केली, 'बहाव्याकडे बदली, स्वखुशीने.'

या गोष्टीला तीन वर्षं झाली. बहावा आता माझ्या डोक्याच्या वर गेला आहे आणि यंदा त्याला पहिल्यांदाच पिवळे घोस आले. फकिराच्या घरचे लोक आले होते तेव्हा त्यांनी त्याच्या सावलीत डबे उघडले आणि आजींच्या नातसुनेला हाक मारून वाढलं. व्याहीबुवांचे गुडघे मात्र गेले. डॉक्टरांनी चढायला साफ मनाई केली आहे. तरी गुरुवारी दोन बस बदलून ते येतात, पायथ्याच्या बाकावर बसतात, पाण्याचा तांब्या माझ्या हातात देतात आणि वही उघडतात. मी वर पोचले की फोन लावते. चपला काढते, कारण नाही काढल्या तर ते विचारतात आणि मला खोटं बोलता येत नाही. राम राम म्हणते. पाणी ठेवते. बातम्या सांगायला मला अजून संकोच वाटतो, त्या मी थोडक्यात आटोपते. मग खालून एकेक नाव येतं आणि मी दगडाजवळ जाऊन उत्तर देते.

"थोरले बंधू?"

"हजर."

"आत्या?"

"हजर. शेजारी गवत फार वाढलंय."

असं सव्वीस जण होतात. सत्ताविसाव्या नावाला ते नेहमी किंचित थांबतात.

"ईनबाई?"

"हजर," मी म्हणते.

गेल्या गुरुवारी एवढ्यावर फोन ठेवला नाही त्यांनी. खाली रस्त्यावरच्या बसचा आवाज मला फोनमधून ऐकू येत होता, आणि तोच आवाज वाऱ्यावरून, थोडा उशिरा, वरही येत होता. मग त्यांनी विचारलं, "आणि पूर्वेची ती रिकामी जागा?"

मी जाऊन बघितली. गवत होतं, त्यात कालच्या वाऱ्याने आणलेल्या बहाव्याच्या दोन पिवळ्या पाकळ्या होत्या.

"रिकामीच आहे," मी म्हटलं. "तिथे घाई नाही कोणाला. तुम्ही बाकावर थांबा, मी चहा घेऊन खाली येते."